मागचा लागतोय का?

जुन्या मोटारीच्या दिव्यांचे बिघाड दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत दिवा लागतच नाही. हा बिघाड सरळमार्गी. बल्ब उडालेला असतो किंवा फ्यूज गेलेला असतो. तो बदलला की माणूस वेळेवर जेवायला घरी पोचतो. दुसऱ्या जातीत दिवा लागतो, लागत नाही, परत लागतो, आणि मिस्त्रीच्या दारात गाडी उभी केली की लागतच राहतो. पुढील विवेचन या दुसऱ्या जातीपुरते आहे. पहिलीवर लिहिण्यासारखे फारसे काही नाही आणि दुसरीपायी भल्याभल्यांचे रविवार खर्ची पडले आहेत.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी सोयीची पडते. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेली, मध्ये काही काळ प्रेसिडेंट म्हणवून घेतलेली आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी झालेली ही गाडी. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढच्या सीटवर दोघांच्या जागेत तिघे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. मुंबईत तरी आता ही गाडी पोटापाण्यासाठी चालवणारे उरले नाहीत, उरले ते हौशी मालक. टॅक्सीवाल्याचा इंडिकेटर लागला नाही तर तो खिडकीतून हात बाहेर काढी आणि विषय तिथे संपे. हौशी मालकाचा विषय तिथून सुरू होतो.

हौशी मालक ओळखायला सोपा असतो. त्याच्या गाडीला मापाने शिवलेले कव्हर असते आणि त्याच्या बोलण्यात ‘ओरिजनल’ हा शब्द वाक्यागणिक येतो. ओरिजनल रंग, ओरिजनल सीट, ओरिजनल हबकॅप. वायरिंगही ओरिजनल, हे तो जरा जास्तच अभिमानाने सांगतो. बिघाडाची सुरुवात बहुधा याच वाक्यापासून करता येते.

तपासणीचा पहिला टप्पा म्हणजे बिघाड आहे की नाही हे ठरवणे. ब्रेक लाइटच्या बाबतीत तेच सर्वांत कठीण, कारण हा दिवा ज्याच्या पायाने लागतो त्याला तो कधीच दिसत नाही. इंडिकेटरला निदान डॅशबोर्डवर एक चिमुकला दिवा आणि टिकटिक असते. ब्रेक लाइटसाठी मालकाला सर्वस्वी परक्याच्या साक्षीवर विसंबावे लागते. ही साक्ष सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या मोटरसायकलवाल्याकडून मिळते.

“काका, ब्रेक लाइट लागत नाहीये.”

“एक का दोन्ही?”

तोवर सिग्नल सुटलेला असतो.

घरी आल्यावर कुणाला तरी मागे उभे करावे लागते. घरातले इतर सगळे याच वेळी अभ्यासाला किंवा आंघोळीला गेलेले असल्यामुळे हे काम पत्नीकडे येते.

“लागतोय का सांग.”

“लागला.”

“आता?”

“गेला.”

“अगं, पाय काढला मी. आता?”

“डावा लागला. उजवा लागल्यासारखा वाटतोय. अहो, दूध ठेवलंय गॅसवर.”

‘लागल्यासारखा वाटतोय’ हे निरीक्षण म्हणून अत्यंत अचूक असते, आणि मालक नेमके तेच उडवून लावतो. त्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते. उजवा दिवा खरोखरच लागल्यासारखा वाटत असतो. त्याला बारा व्होल्टऐवजी साडेदहाच पोचत असतात. त्याचा हिशेब पुढे येईल. एवढ्यात दूध उतू जाते आणि चाचणी तहकूब होते.

मग साक्षीदाराशिवाय चाचणी करण्याचे मार्ग शोधले जातात. गाडी उलटी नेऊन भिंतीजवळ लावणे आणि आरशातून भिंतीवरचा लाल उजेड पाहणे, हा त्यातला सर्वांत शहाणपणाचा मार्ग. रात्री तो उत्तम चालतो. मालकाला मात्र दिवा प्रत्यक्ष पाहायचा असतो. तो लांब दांड्याची छत्री घेतो, तिचे एक टोक ब्रेकच्या पेडलवर आणि दुसरे सीटच्या कडेवर अडकवतो आणि लगबगीने मागे जातो. दोन्ही दिवे झगझगीत लागलेले असतात. हे पाहून समाधान होते न होते तोच दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी येतात. “कुठल्या सालची हो ही?” असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मालकाने आजवर अर्ध्या तासाच्या आत संपवलेले नाही. छत्री गाडीतच राहते. एकवीस वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपियर खातात. रात्रीच्या दहा तासांत पस्तीस अँपियर-अवरची बॅटरी तळ गाठते. सकाळी गाडीला धक्का मारायला तेच शेजारी लागतात.

काही गाड्यांत चावी फिरवल्याशिवाय ब्रेक लाइट लागत नाही, काहींत लागतो. आपल्या गाडीत काय होते हे माहीत नसलेला मालक चावी खिशात ठेवून पेडल दाबतो, दिवा लागत नाही असे पाहतो आणि स्विच, बल्ब व फ्यूज एकाच दिवशी विकत आणतो. “चावी फिरवली होती का, साहेब?” हा प्रश्न सोसायटीचा वॉचमन विचारतो. सामान आणून झाल्यावर.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण मालक तो प्रत्येकाला सांगतोच. मूकपटांच्या काळातली अमेरिकन अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४ च्या सुमारास आपल्या गाडीला बटण दाबले की वर येणारा हात आणि ब्रेक दाबला की मागे उभी राहणारी ‘थांबा’ अशा अर्थाची पाटी बसवली होती. तिने पेटंट घेतले नाही. पुढे युरोपात दाराशेजारच्या खांबातून बाहेर पडणारे, पोटात दिवा असलेले छोटे बाण आले. त्यांना ट्रॅफिकेटर म्हणत. ते विद्युतचुंबकाने उचलले जात, आणि पाणी-धूळ गेली की आतच अडकून बसत. तेव्हा चालक वळण्याआधी खांबावर आतून बुक्की मारी. १९३९ साली ब्यूकने उघडझाप करणारे इंडिकेटर कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली आणि बुक्कीची जागा डॅशबोर्डखाली गेली. ब्रिटिश गाड्यांच्या मालकांनी तर त्यांच्या गाड्यांची विद्युतसामग्री बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक जोसेफ ल्यूकस यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी दिली. पद्मिनीचा मूळ वंश इटलीचा असल्यामुळे तिच्या मालकांना हा विनोद फार आवडतो. सांगता सांगता त्यांचा इंडिकेटर बंद पडतो.

आता फ्लॅशर. डॅशबोर्डखाली अंगठ्याएवढी एक डबी असते, तिला फ्लॅशर म्हणतात. जुन्या पद्धतीच्या डबीत करंटने तापणारी पट्टी किंवा तार असते. दिव्यांकडे जाणारा करंट तिच्यातून जातो, ती तापून वाकते किंवा लांबते, संपर्क तुटतो, ती थंड होते, संपर्क पुन्हा जुळतो. ही ये-जा मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा व्हावी असा दंडक आहे. या रचनेतली मर्माची गोष्ट अशी की फ्लॅशर वेळ मोजत नाही, करंट मोजतो. एका बाजूचा बल्ब उडाला, जोड सैल झाला, बॅटरी उतरली, की टिकटिकीचा ठेका बदलतो. काही फ्लॅशर घाईला येतात, काही दिवा लावून तसेच स्तब्ध बसतात. डायनामो असलेल्या जुन्या गाडीत रात्री हेडलाइट लावून सिग्नलला थांबले की ठेका विलंबित होतो आणि ॲक्सिलरेटर दिला की द्रुत. थोडक्यात, फ्लॅशर बिचारा पलीकडच्या टोकाला काय चालले आहे त्याची बातमी देत असतो. बातमी वाईट आली म्हणून मालक पहिल्यांदा त्यालाच बदलतो. कारण उघड आहे: तो स्वस्त असतो, हाताला येतो आणि ओढला की निघतो.

“पद्मिनीचा फ्लॅशर द्या.”

“दोन पिनचा का तीन पिनचा?”

“पद्मिनीचा.”

“साहेब, पद्मिनीत आजवर लोकांनी काय काय बसवलंय ते मला काय ठाऊक? जुना घेऊन या.”

जुना घेऊन येईपर्यंत दुकान जेवणासाठी बंद होते. नवा फ्लॅशर बसवल्यावर इंडिकेटर दोन दिवस उत्तम चालतो. तो बसवताना आजूबाजूच्या वायरी हलल्या, त्यातली एक नीट टेकली, हे त्यामागचे कारण. श्रेय फ्लॅशरला मिळते. तिसऱ्या दिवशी नवा फ्लॅशर ‘डुप्लिकेट माल’ ठरतो.

याच सुमारास पुण्याचा भाचा येतो आणि एलईडी बल्ब लावण्याचा सल्ला देतो. एलईडी करंट चिमूटभर घेतो. एवढ्याशा करंटने जुन्या फ्लॅशरमधली पट्टी कोमटसुद्धा होत नाही, त्यामुळे दिवा लागतो तो लागूनच राहतो, किंवा भलत्याच चालीने मिचमिचतो. यावर उपाय म्हणून भाचा प्रत्येक बल्बला एक रेझिस्टर जोडतो. वीज वाचवणारा दिवा बसवायचा आणि वाचलेली वीज जाळायला शेजारी वेगळा रेझिस्टर बसवायचा, ही व्यवस्था मालकाला पटते, कारण भाचा आयटीत असतो. रेझिस्टर चांगलाच तापतो आणि टेललॅम्पच्या मागचे डिकीचे अस्तर त्याला टेकलेले असते. वासावरून बिघाड सापडण्याचा हा या प्रकरणातला एकमेव प्रसंग.

बल्बचे शास्त्र थोडक्यात सांगता येते. मागच्या लाल दिव्यात एकाच काचेत दोन तारा असतात: पाच वॅटची टेललॅम्पसाठी, एकवीसची ब्रेकसाठी. बल्बच्या बुडाला दोन पिना असतात आणि त्या मुद्दाम वरखाली केलेल्या असतात, जेणेकरून बल्ब एकाच बाजूने बसावा. कारखान्याने माणसाच्या घाईचा विचार केला होता. जोराचा केला नव्हता. झिजलेल्या होल्डरमध्ये बल्ब उलटा बसवता येतो आणि तो बसवला जातो. मग रात्री गाडी सदासर्वकाळ ब्रेक दाबल्यासारखी झगमगत जाते आणि खरोखर ब्रेक दाबल्यावर त्यात फक्त पाच वॅटची भर पडते. मागून येणाऱ्याला यातले काही कळत नाही. तो हॉर्न देतो. मालकाला वाटते, गाडीचे कौतुक करतोय.

यापुढचा विषय अर्थिंगचा, आणि तो सविस्तर घेतला पाहिजे, कारण अधूनमधून होणाऱ्या बिघाडांचे माहेर बहुधा तिथेच असते. मोटारीत विजेचा जाण्याचा रस्ता वायरीतून असतो आणि परतीचा गाडीच्या अंगातून. प्रत्येक दिव्याला दोन वायरी देण्याऐवजी कारखान्याने एकच दिली आणि दुसरीचे काम पत्र्यावर सोपवले. एक स्क्रू, एक वॉशर, पत्र्याला आवळून बसवलेले, झाले अर्थिंग. गाडी नवी होती तोवर ही काटकसर बिनतोड होती. मग पावसाळे झाले, मुंबईची खारी हवा लागली, आणि स्क्रू व पत्रा यांच्या मध्ये गंजाचा एक पातळ पापुद्रा आला. संपर्क तुटला असेही नाही आणि राहिला असेही नाही. खड्ड्यात आदळले की जुळतो, ऊन तापले की सुटतो, शीवपर्यंत दिवा लागतो आणि चुनाभट्टीला जातो.

परतीचा रस्ता असा अडला की करंट काही घरी बसत नाही. मुख्य रस्ता खोदलेला असला की रिक्षावाला जसा कुणाच्या तरी सोसायटीतून गाडी काढतो, तसा तो त्याच बल्बच्या पाच वॅटच्या तारेत शिरतो, टेललॅम्पच्या वायरीने उलटा चालत दुसऱ्या बाजूच्या दिव्यात किंवा नंबरप्लेटच्या दिव्यात पोचतो आणि तिथल्या स्क्रूवाटे बाहेर पडतो. म्हणून ब्रेक दाबला की नंबरप्लेट मंद उजळते. इंडिकेटर आणि टेललॅम्पचा स्क्रू एकच असेल तर इंडिकेटर दिला की टेललॅम्पही ठेका धरतो. आणि रात्री दिवे लावले की ब्रेक लाइट साफ नाहीसा होतो, कारण आता त्या पळवाटेच्या दोन्ही टोकांना सारखेच बारा व्होल्ट असतात आणि करंटला जायला दिशाच उरत नाही. ज्या मालकाच्या गाडीत हे तिन्ही चमत्कार एकाच वेळी दिसतात तो फ्लॅशर, स्विच आणि तिन्ही दिवे बिघडले असे धरून चालतो. बिघडलेला असतो एक स्क्रू. पण एका स्क्रूने एवढे करावे हे गाडीच्या इभ्रतीला शोभत नाही, म्हणून त्याच्याकडे शेवटी पाहिले जाते.

तो पाहण्यासाठी टेललॅम्प उघडावा लागतो. लाल काचेचे दोन स्क्रू असतात. त्यांच्या खाचा पूर्वीच्या मिस्त्रींनी गोल करून ठेवलेल्या असतात. काच निघाली की खालचे रबर बिस्किटाच्या भुग्यासारखे हातात येते. आत एका कोपऱ्यात चिखलाची आडवी रेघ, म्हणजे एखाद्या जुलैत पाणी कुठवर चढले होते त्याची खूण. दुसऱ्या कोपऱ्यात कुंभारमाशीने बांधून, राहून, सोडून दिलेले मातीचे घर. बल्ब दाबून फिरवला की अर्धा फिरतो आणि रुततो. निघाल्यावर त्याच्या बुडाशी शिशाचे दोन ठिपके दिसतात. मुळात ते घुमटाकार असतात, इथे दाबून दाबून चपटे झालेले आणि मधोमध खळगा पडलेले. होल्डरच्या तळाशी पितळी जिभा असतात. त्यांच्यावर हिरवा कळंक चढलेला असतो आणि त्यांना वर ढकलणारी स्प्रिंग इतकी दमलेली असते की बल्ब डावीकडे झुकला तरच टेकतो. म्हणूनच डिकी आपटली की दिवा लागतो. किती जोरात आपटायची, याचा अंदाज घरातल्या सर्वांना असतो, पाहुण्यांना नसतो.

इतके सगळे दिसल्यावर पॉलिश पेपरचा एक तुकडा घेऊन जिभा, ठिपके आणि स्क्रूखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, स्प्रिंग ताणायची, स्क्रू नवा लावायचा आणि वर बोटभर व्हॅसलीन फासून काच बंद करायची, एवढेच काम असते. यात अडथळा एकच येतो. गाडीला नुकताच फुल पेंट झालेला असतो. पेंटरने मन लावून, कुठेही कमी न करता, स्क्रूच्या भोकात आतपर्यंत रंग मारलेला असतो, आणि रंगातून वीज जात नाही.

“याला अर्थच नाही, साहेब,” मिस्त्री म्हणतो आणि पॉलिश पेपर काढतो.

“अहो, अहो! रंग!”

“दिवा पाहिजे का रंग?”

या प्रश्नावर मालक जितका वेळ गप्प राहतो तितका वेळ तो स्वतःच्या लग्नाच्या वेळीही राहिलेला नसतो. शेवटी तो तोंड फिरवून उभा राहतो आणि मिस्त्री घासतो.

हे सारे होण्याआधी मीटरचा एक अध्याय असतो. भाच्याने डिजिटल मीटर ऑनलाइन मागवलेला असतो. त्याची टोके होल्डरला लावली की १२.४ असा आकडा उमटतो. होल्डरपर्यंत बारा व्होल्ट येतात, बल्ब नवा आहे, तरी दिवा लागत नाही. या टप्प्यावर शिकलेली माणसे विजेच्या नियमांवर शंका घेऊ लागतात. मिस्त्री मीटरकडे न पाहता खिशातून दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढतो. तो त्याचा टेस्ट लॅम्प. तो लावल्याबरोबर मंद लागतो, मग विझतो, आणि मिस्त्री “हां” म्हणतो. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून केसाएवढी एकच टेकलेली असली तरी त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. टेस्ट लॅम्प खाणारा असतो. त्याला खायला मिळते की नाही यावरून खरे कळते.

हिशेब असा: एकवीस वॅटच्या बल्बचा जळतानाचा रोध सात ओहमच्या आतबाहेर असतो. गंजलेल्या जोडाने त्यात एका ओहमची भर घातली की बल्बच्या वाट्याला साडेदहा व्होल्ट येतात. दीडच व्होल्ट गेले म्हणून उजेड तेवढ्याच प्रमाणात कमी होत नाही. जवळपास एक-तृतीयांश उजेड गडप होतो. म्हणजेच दिवा लागल्यासारखा वाटतो. मीटरचा खरा उपयोग दिवा लावून ठेवून करायचा असतो. एक टोक बल्बच्या पितळी अंगाला, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्थिंग ठीक असेल तर आकडा शून्याच्या अगदी जवळ राहतो. एक-दीड दिसला की चोर परतीच्या वाटेवर आहे. ही चाचणी मिनिटाभरात होते. ती फ्लॅशर, दोन स्विच आणि चार बल्ब आणून झाल्यावर केली जाते.

ब्रेकच्या स्विचचा मात्र काही वेळा खरोखर दोष असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा स्विच पेडलपाशी नसून ब्रेक ऑइलच्या नळीतच बसवलेला असतो. ऑइलचा दाब वाढला की आतला पडदा ढकलला जातो आणि संपर्क जुळतो. वय झाले की स्विचला जास्त दाब लागतो. मग हळुवार, लांबून, सभ्यपणे ब्रेक दाबणाऱ्याचा दिवा लागतच नाही आणि कचकन दाबणाऱ्याचा लगेच लागतो. हौशी मालक ब्रेक नेहमी हळुवार दाबतो. मिस्त्री गाडी चालवून बघतो तेव्हा तो पेडलवर उभाच राहतो. त्यामुळे मिस्त्रीला बिघाड दिसत नाही, मालकाला दिसतो, आणि दोघेही खरे बोलत असूनही एकमेकांना मनातल्या मनात वेडे ठरवतात.

साठीच्या दशकातल्या कित्येक अमेरिकन गाड्यांत मागचा एकच लाल दिवा ब्रेक आणि इंडिकेटर ही दोन्ही कामे करतो, आणि म्हणून ब्रेकचा करंट स्टिअरिंगमधल्या इंडिकेटरच्या स्विचमधून फिरून जातो. तिथे ब्रेक लाइट लागत नसेल तर स्टिअरिंग उघडावे लागते. १९६५ च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये तर दर बाजूचे तीन दिवे आतून बाहेर एकामागून एक लागावेत म्हणून डिकीत एक विजेची मोटर दातेरी चकत्या फिरवीत बसे. नुसते डावीकडे वळायचे आहे हे सांगण्यासाठी एवढे यंत्र चालवणाऱ्या मालकांपुढे पद्मिनीवाल्याने आपले रडगाणे गाऊ नये.

वायरिंगबद्दलही दोन शब्द. ‘ओरिजनल’ वायरिंग उघडले की पहिल्या थरात आजच्या मालकाचा टेप लागतो, दुसऱ्यात त्याच्या वडिलांचा आणि तिसऱ्यात ज्याच्याकडून वडिलांनी गाडी घेतली त्याचा. मधल्या काळात गाडीला कॅसेट प्लेअर, मागे घेताना गाणे वाजवणारा हॉर्न, फॉग लॅम्प आणि सीटखाली चोर स्विच एवढ्या गोष्टी लागून गेलेल्या असतात. वस्तू गेल्या, वायरी राहिल्या. ज्याच्या हाताला ज्या रंगाची वायर लागली तिने त्याने काम भागवले, त्यामुळे पुस्तकातल्या नकाशात जी वायर निळी ती गाडीत अर्ध्या वाटेपर्यंत निळी, पुढे लाल आणि शेवटी घरातल्या पंख्याची असते. “हे कुणी डायरेक्ट केलंय?” असे मिस्त्री विचारतो. पाच वर्षांपूर्वी त्यानेच केलेले असते.

हवामानाचा प्रभाव वेगळा नोंदवला पाहिजे. हा बिघाड जूनमध्ये उगवतो, जुलै-ऑगस्टमध्ये भरात असतो आणि ऑक्टोबरच्या उन्हाने सांधे सुकले की आपोआप ओसरतो. त्यामुळे जुलैत गाडीला हात लावणारे सगळे मिस्त्री नालायक ठरतात आणि ऑक्टोबरमध्ये जो कोणी हात लावेल त्याच्या हाताला गुण असतो. जाणते मिस्त्री पावसाळ्यात पद्मिनी दिसली की “पुढच्या महिन्यात आणा, सध्या काम फार आहे” म्हणतात. त्यांची कीर्ती दूरवर पसरलेली असते.

गाडी पन्नास वर्षांची झाली की मालकाला तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. ती रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते आणि त्यांच्याच पंक्तीत इंधन भरणे व देखभाल-दुरुस्ती ही कारणे स्पष्ट नमूद केलेली आहेत. नियम करणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी जुनी गाडी असावी. मालकाला या नियमाचा त्रास होत नाही. त्याचा दिनक्रम तसाही याच दोन कारणांचा असतो.

शेवटचा टप्पा बिलाचा. स्क्रू घासून दिवा लागलेला असतो, डावा लागतो, उजवा लागतो, नंबरप्लेट जागच्या जागी शांत असते. पण घासल्याचे पैसे मागायचे कसे हा मिस्त्रीपुढे पेच असतो, आणि एका स्क्रूचे पैसे द्यायचे कसे हा मालकापुढे. दोघांच्या संमतीने कागदावर ‘वायरिंग काम’ असे लिहिले जाते आणि दोघांनाही हलके वाटते. पैसे खिशात गेल्यावर मिस्त्री बाकाखालून एक प्लास्टिकची पिशवी काढतो. तीत दोन फ्लॅशर, ब्रेकचा एक स्विच, चार बल्ब आणि भाच्याचे रेझिस्टर असतात.

“हे सगळं खराब का?”

“नाही हो, साहेब. सगळं चांगलं आहे. जपून ठेवा, पुढच्या पावसाळ्यात लागेल.”